नंबर लागण्याआधीचा हिशोब

बारावीनंतर : लेखांक ५

२०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला, एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाचा १६ जूनला, आणि अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतल्या (कॅप) पहिल्या फेरीची यादी लागायला जुलै संपत आला. जवळजवळ तीन महिन्यांची ही वाट. गोंदिया जिल्ह्यात याच तीन महिन्यांत उन्हाळी धान निघतो, आधारभूत खरेदी केंद्रावर जातो, चुकारे कधी येतात याची विचारपूस सुरू होते. मृग लागला की पऱ्हे टाकतात आणि पाऊस झाला की रोवणी. चिखलणीचा ट्रॅक्टर, रोवणीची मजुरी, खत यांत घरातला होता नव्हता तो पैसा बांधीत उतरतो. नेमक्या त्याच आठवड्यात मोबाइलवर मेसेज येतो की जागा मिळाली आहे, अमुक तारखेच्या आत प्रवेश निश्चित करा. हातात असतात तीन-चार दिवस.

गेल्या आठवड्यात पसंतीक्रमाचा अर्ज कसा भरायचा ते पाहिले. पसंतीक्रम लावताना घरोघरी पर्सेंटाइल आणि कटऑफ यांचीच चर्चा होते, पैशाचा विषय नंबर लागल्यावर निघतो. तो आधी निघायला हवा, असे मला फार कळकळीने सांगायचे आहे. कारण २०२५ पासून अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये चार फेऱ्या आल्या आणि पसंतीक्रमाला दात आले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतेही मिळाले तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. घेतले नाही तर पुढच्या फेऱ्यांतून मूल बाहेर पडते. ‘नाव मोठे आहे, टाकून तर ठेवू’ म्हणून वर लिहिलेले पुण्याचे कॉलेज लागले आणि तिथला खर्च झेपत नाही हे तेव्हा कळले, तर मागे फिरायची वाट राहत नाही. वरची सहा नावे लिहिताना आईवडील शेजारी बसलेले असावेत आणि प्रत्येक नावापुढे वर्षाचा आकडा असावा.

हा आकडा काढताना शिक्षण शुल्कापाशी थांबू नका. शुल्काचा प्रश्न बऱ्याच घरांपुरता सरकारने हलका केला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. याच उत्पन्नमर्यादेतल्या ओबीसी मुलाला निम्मे शिक्षण शुल्क भरावे लागते. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून तेवढीच सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. या सवलतींसाठी प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून, किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला की मुलींची ही माफी गेली. जुलैत फोन करून ‘कॅपची कशाला वाट बघता, आजच सीट पक्की करतो’ म्हणणारे एजंट हे सांगत नाहीत.

खासगी विनाअनुदानित कॉलेज किती शुल्क घेऊ शकते हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते आणि तो आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहणे हा तुमचा हक्क आहे. विकास शुल्क मात्र माफीत येत नाही, वसतिगृह आणि मेस तर नाहीच.

खरा भार या राहण्या-जेवण्याचाच. समाजकल्याण विभागाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये धरलेले आहेत : भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाह भत्त्याचे ८ हजार. नागपुरात खोली करून राहणाऱ्या मुलाचा किमान खर्च सरकारच्याच लेखी इतका आहे. आता हे धानात मोजू. २०२५-२६ च्या खरिपात सर्वसाधारण धानाचा हमीभाव होता २,३६९ रुपये क्विंटल. म्हणजे ६० हजारांसाठी पंचवीस क्विंटलांहून जास्त धान. एकरी पंधरा क्विंटल धरले तर पावणेदोन एकरांचे सगळे पीक, आणि त्यातून बियाणे, खत, मजुरी, चुरणे यांचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. ज्या घरात तीनच एकर बांधी आहे, त्या घरातला बाप नंबर लागल्याच्या आनंदात गप्प का होतो, ते या आकड्यांत आहे. मुलांनीही ते समजून घ्यावे. त्या गप्प बसण्याचा अर्थ नाराजी असा काढू नये.

स्वाधार अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, आणि सरकारी वसतिगृहाचा अर्ज त्याआधी केलेला बरा. सालेकसा-देवरीकडच्या आश्रमशाळांतून बारावी झालेल्या कितीतरी मुलांना या योजनांची नावे प्रवेशानंतर महिन्या-दोन महिन्यांनी, तीही मित्रांकडून कळतात.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या : शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो. महाडीबीटीवर अर्ज भरला, कॉलेजने तो पुढे पाठवला, विभागाने मंजूर केला, मग हप्ता. तोवर खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे घरूनच जातात. पहिले सहा महिने शिष्यवृत्ती नाहीच असे धरून तजवीज करावी. अनुसूचित जातीच्या मुलांच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येतो आणि त्यातली शुल्काची रक्कम कॉलेजात भरायची असते. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम घरखर्चात गेली, की वर्षाअखेरीस कॉलेज थकबाकीसाठी परीक्षेचा अर्ज अडवते. खाते चालू आहे का, आधारशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊन आजच पाहून या.

कागदांबद्दल दुसऱ्या लेखांकात सविस्तर लिहिले होते, म्हणून इथे एवढेच : जात वैधता किंवा नॉन-क्रिमिलेअर पावतीवर असेल तर मुदतीत मूळ प्रमाणपत्र जमा करा. नाहीतर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. जागाही जाते आणि तिच्यासोबत सवलतही.

कटऑफची यादी वाचताना गोंदियाच्या मुलांनी एक अक्षर बघावे. जीओपीईएनएच, जीओपीईएनओ असे सांकेतिक शब्द तिथे असतात. शेवटचे एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांचा कोटा, ओ म्हणजे बाहेरच्यांचा, एस म्हणजे राज्यस्तर. आपल्या मुलांसाठी नागपूरकडच्या कॉलेजांना एच आणि पुण्याच्या कॉलेजांना ओ. हे न बघता पुण्याच्या एचचा आकडा वाचून आशा धरली, की फेरीमागून फेरी जाते आणि मूल स्वतःलाच दोष देत बसते. पुण्याला थेट गाडी आहे, महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते, पण दिवाळीला घरी यायचे तर वीसेक तासांचा प्रवास आणि मजुरी बुडवून स्टेशनवर घ्यायला येणारा बाप, हेही त्या नावापुढच्या आकड्यात धरा.

वाट पाहण्याच्या काळात जवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालून ठेवण्यात कमीपणा नाही. मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, म्हणून इथल्या पिढ्यांना शिकायला जिल्ह्याबाहेर जावे लागले नाही. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिरोडा, आमगाव, सालेकसा इथली मुले रेल्वेने रोज जाऊन-येऊन करू शकतात. देवरीला रेल्वे नाही, तिथल्या मुलाला एसटीच्या पासचा खर्च आणि वेळ धरावा लागतो. नाव घालताना एवढे विचारून घ्या : कॅपमध्ये नंबर लागला तर शुल्क परत किती मिळेल आणि टीसी किती दिवसांत मिळेल? कॅपमधून घेतलेला प्रवेश मुदतीत रद्द केला तर एक हजार रुपये कापून बाकी रक्कम परत करण्याचा नियम आहे. मुदतीनंतर तो लागू होत नाही, म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शेजारी-पाजारी, नातेवाईक रोज विचारतात, ‘लागला का नंबर?’ घरच्यांनी तरी रोज विचारू नये. यादीची तारीख जाहीर झालेली असते. त्या तारखेला सगळ्यांनी मिळून लॉगिन उघडावे आणि मधल्या दिवसांत वाट पाहणाऱ्या मुलीला रोवणीला, वाचनालयात, मैत्रिणीकडे, जिथे जावेसे वाटते तिथे जाऊ द्यावे.

हिशोब मांडूनही पैसे कमी पडत असतील तर सावकाराच्या दारात जाण्याआधी बँकेत जायला हवे. वडिलांचे पीककर्ज थकलेले असताना शैक्षणिक कर्ज मिळते का, तारण किती लाखांपर्यंत लागत नाही, व्याज सरकार कुणाचे भरते, हे पुढच्या लेखांकात.