प्रश्न कठीण होत जातात तेव्हां

आमच्या वसईंतील एक पदवीधर मुलगी परदेशीं व्यवस्थापनशास्त्र शिकण्यासाठीं ‘जीमॅट’ या परीक्षेस बसली. गणिताचे प्रश्न उत्तरोत्तर कठीण होत गेले. आपलें सारें चुकत आहे असें वाटून तिनें शेवटचे पांचसहा प्रश्न न वाचतांच उरकले. “गुरुजी, निम्मे तरी चुकले असतील,” ती म्हणाली. निम्मे चुकणें हें तेथें अपयशाचें लक्षण नव्हे, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

वर्गांत पाढे विचारतांना शिक्षक पहिल्यानें बाराचा विचारतो. आला तर एकोणतीसचा, अडखळल्यास सातचा. चार प्रश्नांत मुलाची पायरी कळते. ही रीत जुनी आहे. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांच्या १९०८ सालच्या कसोट्यांतहि मुलाच्या वयाच्या सुमारास आरंभ करून वर वा खालीं सरकत. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं त्याच पद्धतीच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं बसविल्या. त्यांचें पुस्तक १९४० सालीं निघालें.

जीमॅटमध्यें १९९७ पासून हें काम संगणक करतो. प्रत्येक प्रश्नाचें काठिण्य पुष्कळ उमेदवारांच्या उत्तरांवरून आधींच ठरविलेलें असतें. आरंभ मध्यम प्रश्नानें होतो. प्रत्येक उत्तरानंतर यंत्र आपला अंदाज सुधारतें आणि जो प्रश्न सुटण्याचा व न सुटण्याचा संभव जवळजवळ सारखा, असा पुढचा प्रश्न शोधतें. जो हमखास सुटणार किंवा हमखास चुकणार, त्यापासून नवें कांहींच कळत नाहीं! म्हणूनच गणितास २१ प्रश्न व ४५ मिनिटें पुरतात. दोघांचीं निम्मीं उत्तरें बरोबर आलीं, तरी कठीण प्रश्नांवर झगडलेल्यास अधिक गुण मिळतात. मधेंच एखादा सोपा प्रश्न आला म्हणून घाबरूं नये; विषयांचें प्रमाण राखण्यासाठींहि तो आलेला असूं शकतो. प्रश्न सोडून देणें मात्र महाग पडतें.

‘जीआरई’त मात्र प्रश्नाप्रश्नाला बदल होत नाहीं; पहिला भाग जसा सुटेल, तसा दुसरा सोपा वा कठीण येतो. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीचा प्रकार अगदीं निराळा. तेथें सर्वांना २०० प्रश्न असतात. उत्तरें पाहून पुढचा प्रश्न बदलत नाहीं. तेथली संवय घेऊन जीमॅटला बसणाराची गफलत होते, तशीच या मुलीची झाली.

दोन प्रयत्नांमध्यें निदान १६ दिवस जावे लागतात. ती पुन्हां बसणार आहे.