गाडीला मेण लावण्यापूर्वी

आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधवांकडे आज एखादी छोटी गाडी असते. कोणाची ईको, कोणाची जुनी ओम्नी, कोणाची पिकअप. गाडी घेताना आपण इंजिन पाहतो, टायर पाहतो, कागद पाहतो. विकताना मात्र गिऱ्हाईक पहिल्यांदा रंग पाहते. रंगाने त्याचे मन खट्टू झाले की इंजिनाची कितीही तारीफ करा, भाव खाली येतो. हा तजुर्बा मी पदरचे पैसे मोजून घेतला आहे.

माझा कापडाचा व्यापार सालेकसा येथे आहे. माल नागपूरच्या गांधीबागेतून येतो आणि आठवडी बाजारांसाठी आमगाव, दरेकसा, देवरीकडे जातो. २००९ साली मी एक पांढरी ओम्नी घेतली. दर ईदेच्या आधी ती एका गॅरेजात 'पॉलिश' करायला देत असे. संध्याकाळी गाडी अशी चमकून यायची की मुले तिच्यात तोंड पाहत. सात वर्षांनी विकायला नेली तेव्हा दलालाने बॉनेटच्या कडेवर बोट फिरवले व म्हणाला, "चाचा, इथं तर अस्तर दिसतंय." खरोखरच कडांवरचा रंग संपून खालचा करडा प्रायमर वर आला होता. त्याने ठरलेल्या भावातून आठ हजार रुपये कापले. गॅरेजवाल्याने फसवले असे मी म्हणणार नाही. मी चमक मागितली, त्याने चमक दिली. ती चमक कोठून काढली, हे मी कधी विचारले नव्हते.

बाजारात ज्याला सरसकट पॉलिश म्हणतात त्यात तीन वेगळ्या चीजा असतात. रबिंग कंपाउंड म्हणजे बारीक दळलेली घासणारी पूड मिसळलेली लेप. ती रंगाचा वरचा थर घासून काढते. पॉलिश हीही घासणारीच, पण अधिक बारीक. मेण, म्हणजे दुकानात ज्याला वॅक्स म्हणतात, ते मात्र काही काढत नाही. ते वर एक पातळ थर ठेवते. कापडाच्या भाषेत सांगायचे तर कंपाउंड म्हणजे कापडाची लव जाळून ते गुळगुळीत करणे आणि मेण म्हणजे वरून खळ देणे. खळ धुतली जाते व पुन्हा देता येते. जळालेली लव परत येत नाही.

रंगाची जाडी किती, हे कळले की पुढचे सगळे आपोआप कळते. केंद्र सरकारने २०२२ अखेरपासून प्लास्टिकच्या पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवली, तेव्हापासून मायक्रॉन हा शब्द प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर अशा सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण तेवढीच भरते. त्यातला पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. दरवर्षी कंपाउंड मारणारा माणूस हेच भांडवल खर्ची घालत असतो.

मग मिस्त्री लोकांना कंपाउंडची एवढी सवय का? याचेही कारण आहे. जुन्या अ‍ॅम्बॅसिडर, फियाटच्या काळात रंगावर पारदर्शक थर नसे. उन्हाने रंग खडूसारखा पांढुरका पडे, हात लावला की बोटाला लागे. तो मेलेला थर घासून काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, पण हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे तसाच चालत आला आहे. आपल्या गाडीवर पारदर्शक थर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. दाराच्या आतल्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन हलके घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही. अशा गाडीला मेणाची गरज अधिकच असते. गाडी पांढरी असेल तर काळ्या फडक्यावर पाहावे.

आता मेण कोणते घ्यावे? डब्यांवर सर्वांत मोठ्या अक्षरात नाव असते ते कार्नौबाचे. हे ब्राझील देशाच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण होय. ते ८२ ते ८६ अंश तापमानाला वितळते. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंशांतच वितळते आणि मेणबत्तीचे पॅराफिन बहुधा त्याहूनही लवकर. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या गडद रंगाच्या टपाला हात लावून पाहा, म्हणजे हे आकडे का सांगितले ते समजेल. (आपल्या भागात पळस-कुसुमावर जी लाख धरते, तिच्यातही पाचेक टक्के मेण असते आणि तेही पॉलिशच्या धंद्यात जाते. लाखेच्या मुलखात राहून आपण ब्राझीलचे मेण विकत घेतो, हा व्यापाराचा खेळ आहे.)

पण 'शंभर टक्के कार्नौबा' या शब्दांना भुलू नये. शुद्ध कार्नौबा काचेसारखे कडक असते. ते फडक्याने पसरताच येणार नाही. डब्यात तेले, विरघळवणारी द्रव्ये आणि दुसरी मेणे मिसळावीच लागतात. आत असलेले कार्नौबा शुद्ध आहे, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. कापडाच्या लेबलावरचा 'प्युअर' हा शब्द आपण ज्या नजरेने वाचतो, त्याच नजरेने हाही वाचावा. डब्याच्या मागे 'क्लीनर वॅक्स' किंवा 'पॉलिश आणि वॅक्स' असे लिहिले असेल तर त्यात घासणारी पूड असण्याचा संभव आहे. वर्षातून एखादे वेळी ठीक. दर दोन महिन्यांनी नको.

मेणाचा थर आपल्या हवेत एक ते तीन महिने टिकतो. त्याऐवजी कृत्रिम पॉलिमरचे सीलंट मिळते, ते चार-सहा महिने जाते. त्याची झळाळी थोडी कोरडी वाटते, पण धंद्याच्या गाडीला मी तेच सुचवेन, कारण दर दोन महिन्यांनी अर्धा दिवस आपल्यापैकी कोणाला मिळतो? सिरॅमिक कोटिंगचा आता बराच बोलबाला आहे. ते टिकाऊ आहे, पण खर्च हजारांत जातो आणि ते लावण्यापूर्वी रंग घासून सपाट करून घ्यावा लागतो. ज्या गाडीच्या टपावर रोज गाठी बांधायच्या, तिच्यासाठी हा शौक मला परवडणारा वाटत नाही.

यानंतर फडक्याविषयी. हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. गाडीचा रंग मेणाअभावी जितका खराब होतो, त्याहून जास्त तो रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसल्याने होतो. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते रंगापेक्षा कठीण असतात. दुकानातला पोरगा मेहनतीने, गोल गोल हात फिरवून गाडी पुसतो आणि उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात ते त्याच मेहनतीचे असतात. धूळ असेल तर आधी पाणी ओतावे, मगच हात लावावा. धुळीच्या गाडीवर ताडपत्री किंवा कव्हर घालणे हेही तसेच; वारा सुटला की ते कव्हर रात्रभर रंग घासत राहते.

गॅरेजात होजिअरीच्या चिंध्या वापरतात. त्यांत शिवण असते, ओव्हरलॉकची कड असते, कधी बटणसुद्धा असते. तेल पुसायला ठीक, रंगाला नाही. मायक्रोफायबरचे कापड घ्यावे. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन एक ग्रॅम भरले तर तो एक डेनियर. मायक्रोफायबरचा तंतू एक डेनियरच्याही आत असतो. तो पॉलिस्टर व पॉलिअमाइडचा असतो, बहुधा ८०:२० या प्रमाणात. पॉलिअमाइड जितके जास्त तितके कापड पाणी अधिक शोषते आणि महाग पडते. नुसते पॉलिस्टर मायक्रोफायबरच्या नावाने विकले जाते. पाण्याच्या थेंबावर ठेवून पाहावे, पाणी पुढे ढकलले गेले तर घेऊ नये. वजन चौरस मीटरला तीन-चारशे ग्रॅम असावे. शिवलेले लेबल आधी कापून टाकावे, जाड शिवणीच्या कडेने पुसू नये. हे कापड सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, कारण सुताची लव त्यात अडकते. कपडे मऊ करणारे द्रव त्यात घालू नये आणि इस्त्री तर मुळीच नको. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये, मग ते कितीही स्वच्छ दिसो.

मेण लावण्याची रीत फार कठीण नाही. गाडी सावलीत उभी करावी, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. दोन बादल्या घ्याव्या, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची. धुऊन, पुसून झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून हात फिरवावा. रवाळ लागले तर धुऊनही काही चिकटून राहिले आहे. हावडा-मुंबई मार्गाच्या कडेला, स्टेशनजवळ ज्यांच्या गाड्या उभ्या असतात त्यांच्या पांढऱ्या रंगावर नारिंगी बारीक ठिपके दिसतात. ते रुळांच्या व ब्रेकच्या लोखंडाचे कण असतात, ते रंगात रुतून गंजतात. त्यासाठी क्ले नावाची मऊ वडी मिळते. साबणाचे पाणी शिंपडत ती हलक्या हाताने फिरवली की कण निघून येतात. वडी खाली पडली तर फेकून द्यावी.

मग मेण. जितके पातळ तितके चांगले. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखवतो. अर्धे बॉनेट, मग दुसरे अर्धे, असे थोडे थोडे घ्यावे. थर धुरकट झाला की बोटाने एक रेघ ओढून पाहावी. रेघ स्वच्छ निघाली तर पुसायला घ्यावे, चिकटली तर थांबावे. काळ्या प्लास्टिकला मेण लागू देऊ नये, पांढरे डाग पडतात व लवकर निघत नाहीत. टपाला ऊन सर्वांत जास्त लागते, म्हणून तेथे दुसऱ्या दिवशी आणखी एक हात द्यावा. नव्याने रंगवून घेतलेल्या दाराला किंवा मडगार्डला मात्र दोन-तीन महिने मेण लावू नये. गॅरेजातल्या रंगातील द्रव हळूहळू उडून जायचे असते.

मेण काय करत नाही, हेही सांगितले पाहिजे. नख अडकेल असा ओरखडा त्याने भरत नाही. खडी लागून उडालेला टवका त्याने बुजत नाही. तेथे आधी टच-अपचा रंग लावावा, नाहीतर पावसाळ्यात आतून गंज पसरतो. पाखराची विष्ठा किंवा मोहफुलाचा चिकट रस पडला तर मेण थोडी मोहलत देते, माफी देत नाही. ओले फडके क्षणभर ठेवून ते मऊ करावे, मग उचलून घ्यावे, खरवडू नये. रॉकेल किंवा डिझेलचा हात मारण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने तासभर चमक येते, मग सगळी धूळ त्यावर बसते आणि दारांची रबरेही खराब होतात.

मी सध्याच्या गाडीला वर्षातून तीनदा सीलंट लावतो. मोहफुले गळू लागण्यापूर्वी एकदा, मेअखेर पावसाच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. मधल्या काळात थर उरला आहे की नाही हे पाणी सांगते. पाण्याचे थेंब गोल उभे राहिले तर थर आहे, पाणी चादरीसारखे पसरून बसले तर गेला. भांड्यांच्या साबणाने गाडी धुतली तर तो त्याच दिवशी जातो, म्हणून गाडीचा शाम्पू वेगळा ठेवावा. दोनशे ग्रॅमची डबी एका व्हॅनला वर्षभर पुरून उरते. झाकण घट्ट लावून ती घरात ठेवावी. गाडीच्या डिकीत ठेवली तर उन्हाळ्यात तिचे तेल वर येते आणि मेण खाली बसते.