ग्रीन कार्ड हाती, नागरिकत्व कधी?

प्रभादेवी, दादर, गिरगावातील अनेक घरांतील मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षे झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो आताच करावा की थांबावे, हा प्रश्न तेथील धोरणांच्या हेलकाव्यांनी अवघड केला आहे.

नागरिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेचेच पाहा. २००८ च्या पद्धतीत १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारले जात. ६ उत्तरे बरोबर आली की पुरे. डिसेंबर २०२० मध्ये यादी १२८ प्रश्नांची झाली, २० पैकी १२ ची अट आली. मार्च २०२१ मध्ये ती मागे घेतली गेली आणि २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना तीच काठिण्यपातळी पुन्हा लागू झाली. अर्ज कोणत्या तारखेचा, यावर परीक्षा ठरते. त्यामुळे 'धोरण स्थिरावू दे, मग बघू' हा घरोघरी मिळणारा सल्ला फारसा शहाणपणाचा नाही.

अर्थात, इकडचा हिशेबही आहेच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ओसीआय कार्डावर ये-जा करता येते, मतदान नाही. प्रभादेवीत फ्लॅट घेता येतो. कोकणातील शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने आली तरच.

सर्वांत नाजूक बाब आई-वडिलांच्या आजारपणाची. त्यासाठी सलग सहा महिन्यांहून अधिक काळ मुंबईत राहिल्यास अमेरिकेतील वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते. नोकरी, घर, करविवरणपत्रे दाखवून ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावरच येते.