जमिनीखालचा नळ

नळाला पाणी आले की आपण निश्चिंत होतो. ते कशातून आले, हे कोण पाहतो? नळ पुरला, वर माती लोटली की तो दिसेनासा झाला. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना, तसेच! पण पाण्याच्या बाबतीत ही बेफिकिरी अंगाशी येते. ती कशी, हे मुंबईच्या जुन्या वस्तीवरून चांगले समजेल.

विहारचे पाणी मुंबईत आले १८६० साली आणि तानशाचे १८९२ साली. त्याआधी गिरगावची भिस्त विहिरींवर आणि तलावांवर होती. तानशाचे प्रचंड नळ ठाणे जिल्ह्यातून बरेच अंतर उघड्यावरून येतात. त्यांना गळती लागली, तर वाटसरूलाही दिसते. गिरगाव, परळ, लालबागच्या रस्त्यांखाली मात्र तसे नाही. तिथे पाण्याच्या नळाशेजारी मैल्याचे नळ, पावसाची गटारे, विजेच्या व टेलिफोनच्या तारा आणि गॅसची वाहिनी, असा सारा संसार दाटीने मांडलेला आहे. त्यातच या भागातली बरीच जमीन सखल, भरावाची. दादरच्या हिंदमाता भागात पावसाचे पाणी तुंबत आले आहे, हे तर साऱ्यांना ठाऊक आहे. अशा ओल्या, खारट मातीत लोखंड गंजते आणि नळाला बारीक भोके पडतात.

आता तुम्ही म्हणाल, भोक पडले तर पाणी बाहेर जाईल, आत काय येणार? नळ भरलेला असेपर्यंत हे खरे. आतला दाब जास्त असतो, म्हणून पाणी बाहेरच उडते. पण मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच येते. चावीवाल्याने झडप बंद केली की नळ रिकामा होऊ लागतो, आतला दाब उतरतो, आणि बाहेर साचलेले गटाराचे पाणी त्याच भोकातून आत शिरते. दुसऱ्या दिवशीचे पहिले पाणी ती घाण घेऊन घरात येते. कावीळ, विषमज्वर, पटकी हे रोग याच वाटेने पसरतात. नळाला थेट पंप लावून पाणी ओढणारा मनुष्य तर शेजाऱ्यांच्याही घरात घाण ओढून आणतो!

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. पारदर्शक रबरी नळीला मध्यभागी सुईने चार-पाच भोके पाडा. एक टोक शाळेच्या नळाला जोडा, भोकांचा भाग टेबलावरच्या घमेल्यात रंगीत पाण्याखाली बुडवून ठेवा आणि दुसरे टोक खाली बादलीत सोडा. ते टोक अंगठ्याने अर्धे दाबून नळ सुरू करा. बादलीत स्वच्छ पाणी पडेल. आता नळ बंद करून अंगठा काढा. हळूहळू रंग खाली उतरू लागेल. मुले हे कधी विसरणार नाहीत.

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले आणि खेडोपाडी चर खणले जाऊ लागले. गावातही पाणी वेळेवारीच सुटते. म्हणजे धोका तोच. तेव्हा नळ पुरताना एवढे पाहा. पाण्याचा नळ मैल्याच्या नळापासून शक्यतो तीन मीटर दूर ठेवावा. तेवढी जागा नसेल, तर निदान अर्धा मीटर उंचावरून न्यावा. तो गटारातून कधीही नेऊ नये. पुष्कळदा मुख्य नळ शाबूत असतो, पण घरात येणारी बारीक जोडणीच गटारात लोळत असते. सारा घात तिथे होतो.

गाड्यांच्या रस्त्याखाली नळावर निदान मीटरभर माती हवी. चराचा तळ पाणसळीने पाहून सारखा करावा, खडे वेचावेत आणि वाळू किंवा बारीक माती अंथरावी. टोकदार दगडावर टेकलेला नळ आज ना उद्या फुटतोच. चर बुजवण्याआधी सांधे उघडे ठेवून नळात दाबाने पाणी भरावे आणि गळती तपासावी. मग माती थराथराने टाकून प्रत्येक थर धुमसाने चोपावा. पाणी सुरू करण्यापूर्वी नळ क्लोरीनच्या पाण्याने धुऊन घ्यावा.

दीड मीटरहून खोल चरात कडांना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय कोणी उतरू नये. वर काढलेली मातीही काठावर रचू नये. कड ढासळली तर माणूस क्षणात गाडला जातो. खणण्यापूर्वी त्या जागी वीज किंवा गॅस तर नाही ना, याची चौकशी करावी. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ सालीच लागले. लालबागला अजून गॅस कंपनी लेन आहे. जमिनीखाली काय काय आहे, हे वरून कळत नसते.

शेवटी, नळ कुठून गेला, किती खोल आहे, झडप कुठे आहे, याचा नकाशा ग्रामपंचायतीत ठेवा. त्याची एक प्रत शाळेतही लावा. नळ पुरणारी माणसे उद्या नसतील, पण त्या नळाचे पाणी आपली नातवंडे पिणार आहेत.