शंभर माइक, शंभर कवी

आज वाराणसीहून बोलतोय. मागे घंटा वाजताहेत, त्या थांबवणं माझ्या हातात नाही. आणि आजच्या विषयाला त्या शोभूनही दिसतील, कारण विषय आवाजाच्या शिल्पाचा आहे.

शिल्प म्हटलं की आपल्याला दगड, ब्राँझ, फार तर फायबर आठवतं. मुंबईच्या शिल्पा गुप्ता या कलावतीचं शिक्षण तसंच, सर जे. जे. स्कूलमध्ये, शिल्पकलेचं. जन्म १९७६चा. पण २०१७-१८ साली त्यांनी जे काम उभं केलं, त्यात छिन्नी-हातोडा कुठेच नाही. नाव आहे 'फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट'. मराठीत सांगायचं तर, तुमच्या भाषेत मी मावत नाही, म्हणून. २०१८च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेत ते होतं, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या बिएनालेतही गेलं.

रचना सांगतो. अंधारी खोली. जमिनीवर शंभर लोखंडी सळ्या उभ्या. प्रत्येक सळीच्या टोकात एक कागद खुपसलेला, त्यावर एका कवीच्या ओळी. वर छतापासून शंभर माइक लोंबतात, प्रत्येक कागदावर एक. हे शंभर कवी सातव्या शतकापासून आजपर्यंतचे आहेत. त्यांना जोडणारी गोष्ट एकच: लिहिल्याबद्दल, बोलल्याबद्दल किंवा आपल्या मतांबद्दल त्यांना डांबलं गेलं, काहींना मारलं गेलं. एका माइकमधून एकटा आवाज ओळ म्हणतो आणि मग बाकीचे माइक कोरससारखी ती उचलतात. अरबी, रशियन, स्पॅनिश, अझरबैजानी, हिंदी, इंग्रजी, आवाज खोलीभर फिरत राहतो.

आता खरी गंमत. माइकचं काम ऐकणं. इथे माइक बोलतात! ही जादू नाही. माइकमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं असतं आणि जवळ चुंबक. आवाजाने पडदा हलतो, वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि तारेत वीज निर्माण होते. आता उलटं करा. तारेतून वीज सोडा, पडदा हलेल, आवाज निघेल. स्पीकरही मुळात हेच करतो. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर बॅटरीशिवाय चालणारे टेलिफोन होते, ते याच तत्त्वावर. बोलणाऱ्याच्या आवाजातूनच वीज तयार व्हायची आणि पलीकडे तिचा पुन्हा आवाज व्हायचा. फौजेतल्या माणसाला हे लगेच पटतं. शिल्पा गुप्तांनी हे उलटं काम मुद्दाम वापरलंय. ज्यांच्यासमोर कुणी माइक धरला नाही, त्यांच्यासाठी माइकच बोलतो.

काही जण म्हणतील, यात प्रेक्षकाचा सहभाग कुठे? बटण नाही, पडद्याला हात लावायचा नाही. बरोबर. याच बाईंच्या 'शॅडो' मालिकेत तसं होतं: तुम्ही समोर उभे राहिलात की कॅमेरा तुमची सावली टिपून भिंतीवरच्या चित्रात मिसळायचा. इथे तो प्रकार नाही. पण तुम्ही उभे कुठे आहात, यावर काय ऐकू येईल ते ठरतं. डावीकडे चार पावलं सरकलात की जवळचा कवी लांब जातो आणि दुसरा कानाशी येतो. काशीच्या गल्लीत चालताना होतं ते हेच. एका वळणावर आरती, पुढच्या वळणावर कोणाचा तरी तबला.

नावाबद्दल थोडं. ते नसीमी या अझरबैजानी कवीच्या ओळीवरून आलंय. त्याला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेप्पोत मारलं, कारण त्याची सूफी वाणी तिथल्या सत्तेला आणि धर्ममार्तंडांना सोसली नाही. काही काळाने इथे काशीत कबीर होऊन गेले. त्यांनाही पंडित आणि मुल्ला, दोघांची नाराजी सोसावी लागली, असं परंपरा सांगते. दोघांचं बोलणं त्यांच्या वैऱ्यांपेक्षा जास्त टिकलं, एवढं मात्र कुणीही तपासून पाहावं.

आता माझ्यासारख्या गणवेशातल्या माणसाने हे कौतुक का करावं, असा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे. युद्धात पत्र तपासली जातात, तोंडं बंद ठेवावी लागतात, आणि मी ते योग्य मानतो. तिथे एका वाक्याने माणसं मरतात. पण कवीला बहुतेक वेळा युद्धात डांबत नाहीत, शांततेत डांबतात. आणि तेही त्याच्या ओळीने कोणाचा जीव गेला म्हणून नाही. हा फरक पुसला की शिस्त आणि भीती एकच वाटू लागतात. तीस वर्षं हुकूम देऊन आणि पाळून मला दोन्हींची चव वेगळी कळते.

मराठी माणसाला तुरुंगातल्या आवाजाची गोष्ट परकी नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर बोलत, १९ जूनपर्यंत. समोर कैदी. साने गुरुजी ते उतरवून घेत. गीता प्रवचने हे पुस्तक त्यातून आलं. माइक नव्हता, लेखणी होती, आणि ऐकणारा कान होता.

हे काम कुठे पाहायला मिळालं, तर घाई करू नका. आधी एकाच सळीपाशी उभे राहा, कागद वाचा. मग मध्यभागी जा आणि डोळे मिटा. एक आवाज येईल, मागून शंभर येतील. आणि निघताना सळीचं टोक कागदात नेमकं कुठे घुसलंय, ते वाकून पाहा.