उवांचं वेळापत्रक

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पुष्कळ घरांत हे दृश्य दिसू लागतं. मुलगी अभ्यासाला बसलेली. एक हात वहीवर, दुसरा कानामागे. आई केस बाजूला करून पाहते आणि म्हणते, ‘अगं बाई! कुणाच्या डोक्याला डोकं लावून बसली होतीस?’ प्रश्न तसा बरोबरच आहे, चुकतो तो सूर. ऊ उडत नाही, पिसवेसारखी उडीही मारत नाही. एका केसावरून दुसऱ्या केसावर ती चालत जाते. त्यामुळे एका बाकावर खुसुखुसु बोलणाऱ्या, मे महिन्यात मामाकडे एकाच गादीवर झोपणाऱ्या मुलींना ती होणारच. अस्वच्छतेशी तिचा फारसा संबंध नाही. तिला हवं असतं रक्त, आणि ते रोज न्हाणाऱ्या डोक्यातही मिळतं.

तरी घरात उवा निघाल्या की जणू कुळाला बट्टा लागला, अशी आपली तऱ्हा! आणि मग घाईघाईनं जे उपाय होतात, त्यांची मात्र भीती वाटते.

सगळ्यांत जपायचं ते सीताफळाच्या बियांपासून. पूड करून तेलात कालवून लावायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बियांत ऊ मारण्याचा गुण आहे, हे खोटं नाही. पण तीच पूड न्हाताना ओघळून डोळ्यात गेली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो. डोळा लालभडक होतो, उजेड सोसत नाही, मूल तळमळतं. असे रुग्ण आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिले आहेत, त्यांच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. चुकून गेलीच तर डोळा चोळू देऊ नका. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. रॉकेल, ढेकणाझुरळांचं औषध यांचं तर नावच नको. रॉकेल लावलेलं डोकं गॅसच्या शेगडीजवळ गेलं तर काय होईल ते सांगायला नको, आणि कीटकनाशक मुलांच्या कातडीतून अंगात भिनतं. तेलातला कापूरही लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

मग करायचं काय? उवेचं वेळापत्रक ओळखायचं. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात. त्यातून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी आठवडाभर तरी जातो. एकदा मोठी झाली की मादी महिनाभर जगते आणि रोज सहा-आठ लिखा घालते. म्हणजे आज फणी फिरवून चार उवा मारल्या आणि हुश्श केलं, तर दहा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. आपल्याला पिल्लू मोठं व्हायच्या आत गाठायचं आहे.

म्हणून ‘कालनिर्णय’वर खुणा करा: पहिला दिवस, पाचवा, नववा, तेरावा. या चारही दिवशी केस धुऊन ओलेच ठेवा, कंडिशनर किंवा भरपूर खोबरेल चोपडा आणि बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढा. तेलानं ऊ हमखास मरत नाही, पण मंदावते आणि फणी सरकते. बटेबटेनं घ्या, कानामागं आणि मानेवर जास्त वेळ द्या, फणी दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसा. लांब केसांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. पूर्वी ओसरीवर दुपारी हे काम चालायचं आणि गप्पांत वेळ कळायचा नाही. आता टीव्ही लावून बसवा. सतराव्या दिवशी एकही जिवंत ऊ दिसली नाही म्हणजे सुटलात.

औषधच हवं असेल तर दुकानात एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. त्या दिवशी तेल आणि कंडिशनर नको. शांपूनं धुऊन टिपलेल्या केसांना ते लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. तान्ह्या बाळाला किंवा दिवस गेलेल्या बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. औषध लावलं तरी फणी सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहा, तुमचं आणि सासूबाईंचंही. गाद्या उन्हात टाकण्याचा खटाटोप मात्र नको. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुतले, कंगवे आणि रिबिनी वेगळ्या केल्या की पुरे. कातडीपासून लांब केसाला चिकटलेल्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकामी टरफलं असतात, त्यांच्यापायी मुलीला दोन-दोन तास पायात धरून बसवू नका.

आणि तिचे केस भादरू नका. चौथी-पाचवीतल्या मुलीला वर्गात टोपी घालून बसावं लागतं, ते ती विसरत नाही. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आईला मात्र जरूर सांगा. शाळेच्या फाटकावर चारचौघींत नव्हे, संध्याकाळी फोन करून: ‘आमच्याकडे निघाल्यात हो, तुम्हीही एकदा बघून घ्या.’ आमच्याकडे, असंच म्हणायचं. तुमच्याकडून आल्या असतील, तरीही.