श्रद्धा, श्रम आणि मंगळुरी कौल : बासेल मिशनच्या उद्योगांचा एक विचार

कोकणातील व मुंबई इलाख्याच्या किनारपट्टीतील जुन्या घरांची कौले उतरविताना कित्येक कौलांच्या पाठीवर 'बासेल मिशन टाइल वर्क्स' ही अक्षरे व १८६५ हा सनाचा आकडा उठविलेला आढळतो. मंगळुरी कौल ही वस्तू महाराष्ट्रात इतकी रुळून गेली की, तिच्यामागे एका धर्मसंस्थेची एक विशिष्ट श्रमकल्पना उभी होती याचे स्मरण सहसा कोणाला राहिलेले नाही. धर्माचरण हे केवळ उपासनामंदिरापुरते नसून ते कारखान्यात, बाजारात व सार्वजनिक व्यवहारातही प्रकट झाले पाहिजे, हा ख्रिस्ती धर्मातील एक जुना आग्रह आहे. या आग्रहाला प्रत्यक्षात कोणते रूप येते व त्यातून कोणते पेच उद्भवतात, हे पाहण्यास बासेल मिशनचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

या आग्रहाचे मूळ ल्यूथरच्या शिकवणीत सापडते. मध्ययुगीन युरोपात ईश्वरी 'पाचारण' हा शब्द मुख्यतः मठवासी संन्याशांच्या व धर्मगुरूंच्या जीवनास लावला जात असे. चांभाराने जोडा शिवणे किंवा गृहिणीने घर झाडणे हेही ईश्वराने नेमून दिलेले पाचारणच होय, असे ल्यूथरने मांडले, आणि जर्मन भाषेतील 'बेरूफ' या एकाच शब्दात धंदा व पाचारण हे दोन्ही अर्थ एकवटले. १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुविख्यात निबंधात माक्स वेबर याने याच शब्दावर आधुनिक भांडवलशाहीच्या मनोवृत्तीची उपपत्ती बांधली. वेबरचे प्रतिपादन सर्वस्वी ग्राह्य मानावे किंवा नाही हा वाद वेगळा. तथापि नैऋत्य जर्मनीतील व्युर्टेम्बेर्ग प्रांतातील भक्तिपंथीय ख्रिस्ती लोकांत श्रम, काटकसर व वक्तशीरपणा यांना धार्मिक सद्गुणांचे स्थान होते, यात शंका नाही. १८१५ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे स्थापन झालेल्या मिशनचे बहुतेक प्रचारक याच प्रांतातील शेतकरी व कारागीर घरांतून आलेले होते. हातांनी काम करणे त्यांना कमीपणाचे वाटत नसे. हिंदुस्थानात आलेल्या इतर अनेक मिशनऱ्यांच्या तुलनेने ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८३३ च्या सनदी कायद्याने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलुखात येण्याची मोकळीक मिळाली व १८३४ मध्ये हेबिख, लेनर आणि ग्राइनर हे तिघे मंगळूरला उतरले. पुढे धारवाड व हुबळी येथेही ठाणी पडली. या मिशनने भाषाक्षेत्रात केलेले काम, म्हणजे म्योग्लिंगचे १८४३ मधील कानडी वृत्तपत्र, गुंडर्टचा मलयाळम कोश व किटेलचा १८९४ चा कानडी कोश, सर्वश्रुत आहे. (जर्मन कादंबरीकार हेर्मान हेस हा याच गुंडर्टचा दौहित्र.) उद्योगांची कथा मात्र याहून कमी परिचित आणि अधिक गुंतागुंतीची आहे.

उद्योग हे मिशनचे मूळ उद्दिष्ट नव्हते; ते नव्या ख्रिस्ती मंडळीच्या अडचणीतून उभे राहिले. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांत बिल्लव जातीचे लोक पुष्कळ होते. ताडीचा रस काढणे हा त्यांचा परंपरागत धंदा, आणि मद्याशी संबंध म्हणून मिशन तो धंदा ख्रिस्ती माणसाला निषिद्ध मानी. शेती करणाऱ्या कुळांची अडचण निराळी होती. जमिनीच्या वहिवाटीबरोबर तेथील भूतांच्या वार्षिक सेवेची जबाबदारी चालत येई. कोकणातील राखणदाराच्या देण्याघेण्याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना हे बंधन किती घट्ट असेल ते सांगावयास नको. ती सेवा नाकारणारे कूळ जमीनदारास व गावास नकोसे होई. शिवाय त्या भागात अनेक जातींत अळियसंतान म्हणजे मामाकडून भाच्याकडे जाणारा वारसा रूढ होता, व कुटुंबाच्या सामाईक मिळकतीतून धर्मांतरिताला दूर सारणे कठीण नव्हते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद केली खरी. परंतु ज्याच्या घरात चूल वेगळी झाली व ज्याला गावात कोणी काम देईना, त्याला कायद्याच्या कलमाने त्या दिवसाचे जेवण मिळत नसे. अशा मनुष्यास श्रद्धेप्रमाणे जगावयाचे तर प्रथम जगण्याचे साधन हवे, हा प्रश्न मिशनपुढे अटळपणे उभा राहिला.

त्याचे उत्तर शोधताना बरेच प्रयोग झाले. १८४४ मध्ये ख्रिस्ती झालेले व १८५१ मध्ये दीक्षित उपदेशक बनलेले सारस्वत ब्राह्मण आनंदराव कौंडिण्य यांचे नाव कोडगू प्रांतातील आनंदपूर या वसाहतीशी निगडित आहे. तेथे अस्पृश्य गणल्या गेलेल्या वर्गातील ख्रिस्ती कुटुंबांना कॉफीच्या मळ्यावर वसविण्यात आले. मंगळूर व मलबारमध्ये हातमागाच्या विणकामशाळा निघाल्या. १८५१ मध्ये आलेल्या हालर नावाच्या विणकराने खाकी रंगाचा शोध लावला, अशी समजूत मंगळुरात दृढ आहे. परंतु पंजाबातील गाइड्स पलटणीत तत्पूर्वीच खाकी कपडा वापरात आला होता. तेव्हा हालरने पक्का खाकी रंग मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसविली, इतकेच म्हणणे सयुक्तिक ठरेल. शांतीचा संदेश सांगणाऱ्या संस्थेच्या मागावरचे कापड सैनिकांच्या गणवेशास लागावे, यातील विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही.

सर्वांत यशस्वी ठरला तो कौलांचा उद्योग. गेओर्ग प्लेब्स्ट या यंत्रज्ञ मिशनऱ्याने १८६५ साली मंगळूरजवळील जेप्पू येथे पहिला कारखाना काढला. नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती, आसपासच्या रानांतील सरपण आणि जवळच असलेले बंदर या तिन्ही गोष्टी त्याला अनुकूल पडल्या. माती मळावयाची, तिचे गोळे साच्यात दाबावयाचे, कौले सावलीत वाळवावयाची व भट्टीत भाजावयाची, असा हा क्रम. आल्सासमधील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढलेल्या खाचेच्या कौलाचे हे रूपांतर होते. जुन्या नळीच्या कौलांना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी चाळून घर शाकारावे लागे; एकमेकांत अडकणाऱ्या या चपट्या कौलांनी तो खर्च व त्रास पुष्कळच कमी केला. गलबतांतून ती मुंबईपर्यंत व पुढेही जाऊ लागली. लवकरच स्थानिक ख्रिस्ती, हिंदू व मुसलमान व्यापाऱ्यांनीही आपले कारखाने काढले, आणि मिशनच्या शाळेत तयार झालेले कारागीर तेथे कामास जाऊ लागले.

येथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. कारखान्याची सुरुवात प्रार्थनेने होई, घंटेबरोबर काम चाले, निरनिराळ्या जातींतून आलेले स्त्री-पुरुष एकाच अंगणात माती तुडवीत. जातीने ठरविलेल्या धंद्याच्या जागी शिकून घेतलेला धंदा आला, ही सामाजिक दृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच व्यवस्थेत धर्मोपदेशक, मालक व पुष्कळदा घरमालकही एकच होता. मंडळीच्या शिस्तीचा भंग करणाऱ्याला प्रभुभोजनातून वगळण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे, तिच्याच हाती त्याची मजुरी असेल, तर त्याची श्रद्धा स्वतंत्र कशी राहणार? 'पोटासाठी ख्रिस्ती झाले' हा बाहेरच्या लोकांचा उपहास बहुतांशी अन्यायाचा होता, कारण पोट बुडाले ते ख्रिस्ती झाल्यामुळे. पण या उपहासाला आधार मिळेल अशी रचना मिशननेच उभारली होती, हेही तितकेच खरे.

खुद्द बासेलमध्येही याविषयी एकमत नव्हते. १८५९ मध्ये व्यापारासाठी निराळी कंपनी स्थापन झाली. भागधारकांच्या लाभांशास मर्यादा घालून उरलेला नफा मिशनकार्यास द्यावयाचा, अशी तिची योजना होती. नफा हा धर्मकार्याचा सेवक राहील, अशी त्यामागील श्रद्धा. व्यवहारात मात्र कौलांचा भाव, माल पोचविण्याची मुदत व कामगारांची संख्या ही बाजाराच्या हिशोबानेच ठरू लागली. कारखान्यात ख्रिस्तेतर कामगारही घेतले गेले. मजुरी कौशल्याप्रमाणे देणे हाच ज्या ठिकाणी न्याय, त्या ठिकाणी बाप्तिस्म्याचा विचार हळूहळू मागे पडणे स्वाभाविक होते. अनेक मिशनऱ्यांना हा ऱ्हास वाटला. वस्तुतः पाचारणाच्या कल्पनेशी तो अधिक सुसंगत होता, असे म्हणता येईल. कारण चांभाराचा जोडा चांगला असावा, ही ल्यूथरची अपेक्षा जोडा कोण घालतो व शेजारी कोण शिवतो यावर अवलंबून नव्हती.

महाराष्ट्रात याच्याशी तुलना करण्याजोगे उदाहरण केडगावच्या मुक्तिसदनाचे आहे. पंडिता रमाबाईंनी तेथे दुष्काळपीडित मुली व विधवा यांना शेती, विणकाम व छपाई शिकविली आणि आपले बायबलचे मराठी भाषांतर सदनातील स्त्रियांच्या हातून छापून घेतले. परंतु केडगावचा आधार मुख्यतः देणग्यांचा होता. मंगळूरच्या कारखान्यांना बाजारात टिकावे लागे, आणि म्हणूनच श्रद्धा व मजुरी यांचा संबंध तेथे अधिक उघडपणे कसास लागला.

हा संबंध अखेर बाहेरून तुटला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्रीय ठरून स्थानबद्ध झाले, कारखाने सरकारी नियंत्रणाखाली गेले व युद्धानंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ ट्रस्टकडे सोपविण्यात आले. कौले पूर्वीप्रमाणेच भाजली जात राहिली. मात्र आता मालक एक व उपदेशक दुसरा अशी स्थिती झाली. मंडळीचा खर्च सभासदांनी स्वतःच्या मजुरीतून भागवावयाचा, आणि रविवारी उपासनेस न आलेल्या कामगारास सोमवारी त्याचा जाब विचारण्याचा अधिकार मुकादमास उरला नाही.